अ‍ॅपला आभाळ दिसते, पंचगंगा नाही

महोदय,

पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी मोबाइलवरील हवामान अ‍ॅप पाहण्याची सवय कोल्हापुरात आता चांगलीच रुजली आहे. रंकाळ्यावरचा सकाळचा फेरफटका, लक्ष्मीपुरीतला बाजार, इतकेच काय, गगनबावड्याची सहलदेखील '७० टक्के पाऊस' या आकड्यावर ठरते किंवा रद्द होते. हा आकडा पावसाच्या शक्यतेचा असतो, त्याच्या जोराचा नव्हे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. (जून ते सप्टेंबर छत्री जवळ असावीच, हा घरातील ज्येष्ठांचा नियम मला अजूनही अधिक भरवशाचा वाटतो.)

आपल्या जिल्ह्यात खरी अडचण निराळीच आहे. घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळत असताना शिरोळकडे लख्ख ऊन असू शकते आणि पश्चिमेकडचे तेच पाणी नदीवाटे उतरले की शिरोळच्या उसात शिरते. त्यामुळे अ‍ॅपवर सूर्याचे चित्र पाहून दुचाकी काढणाऱ्याला वाटेतला बंधारा पाण्याखाली गेल्याचे तेथील अडथळे पाहूनच समजते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ही पातळी व पाण्याखालील बंधाऱ्यांची यादी पावसाळ्यात प्रसिद्ध होत असते. तीच माहिती त्या त्या गावातील मोबाइलधारकांना पर्यायी रस्त्यासह आपोआप मिळेल, अशी सोय जिल्हा प्रशासनाने करावी, ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर