डावं कोपर

डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा झाली. सुरक्षेसाठी समुद्रात होड्या लावतात, त्यातली एक माझी होती. लेक बाजूने पोहत गेली तेव्हा मी फक्त तिचा डावा हात बघत होतो. श्वासाला मान उजवीकडे वळत होती आणि डावा हात पुढे ताणलेलाच राहत होता. तिचा नंबर आला नाही. तरी घरी येऊन जेवलो आणि पहिलं हे पत्र लिहायला घेतलं.

दोन वर्षं सगळे एकच सांगत होते, पोरगी पोहताना डावा हात सोडते, मनावर घेत नाही. मीही तेच धरून बसलो. मे महिन्यात किनाऱ्यावर दहा माणसांदेखत तिला नको ते बोललो. ती रडली नाही, टॉवेलची घडी घालत बसली. ती घडी मला अजून दिसते.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं आणि आम्ही कुडाळची एसटी धरली. तुम्ही तिला चटईवर हात-गुडघे टेकून उभं केलंत. कोपरं सरळ, डोळे मिटलेले. हनुवटी धरून तिची मान हळूच उजवीकडे वळवलीत आणि डावं कोपर वाकलं. परत वळवलीत, परत वाकलं. तिसऱ्यांदा वाकल्यावर ती डोळे उघडून म्हणाली, "मी नाय वाकवला." हे ती तुम्हाला नाही, मला सांगत होती.

"ठावक आसा गो बाय," तुम्ही म्हणालात. "ह्यात तुजो काय एक दोष नाय."

तान्हं बाळ उताणं असताना त्याची मान एका बाजूला वळली, की तोंडाकडचा हात-पाय ताणला जातो आणि डोक्यामागचा दुमडतो, तलवारबाजाच्या पवित्र्यासारखा. असिमेट्रिकल टॉनिक नेक रिफ्लेक्स हे त्याचं नाव मी तुमच्याकडूनच पाठ केलं. साधारण सहा महिन्यांपर्यंत ही प्रतिक्षिप्त क्रिया मावळते, मेंदूचा वरचा भाग ताबा घेतो. काही मुलांत तिचा अंश उरतो. चालताना कोणाच्या लक्षातही येत नाही, पण फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक श्वासाला मान वळते. नेमका तेव्हाच पुढच्या हाताने पाणी धरायचं असतं, आणि हिचा हात दुमडत होता. दमली की जास्तच. घरी माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाळण्यात तशीच निजायची ती."

तुम्ही मोठमोठी आश्वासनं दिली नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून नसांचा दुसरा काही त्रास नाही ना, याची खात्री करून घेतलीत. मान वळवायचे जे व्यायाम दिलेत, त्यांनी पोहणं सुधारतंच असा भक्कम पुरावा अजून नाही, हेही तोंडावर सांगितलंत. आणि दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकवा, म्हणालात. तिसऱ्या भेटीनंतर तर तुम्हीच म्हणालात, आता एवढ्या लांब येऊ नका, व्हिडिओ पाठवा.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, त्यामुळे मी घरीच होतो. रोज संध्याकाळी पडवीत चटई घालायचो. ती हात-गुडघ्यांवर, मान सावकाश इकडून तिकडे, दहा मिनिटं. माझं बोट तिच्या डाव्या कोपराच्या खळगीत. कोपर वाकलं की बोट दाबलं जायचं. जूनमध्ये दर वेळी दाबलं जायचं. बाहेर पागोळ्या गळत असायच्या आणि आम्ही दोघं त्या एका बोटाकडे लक्ष देऊन बसलेलो. चतुर्थीच्या आसपास एक दिवस ते दाबलं गेलंच नाही. तिने मान परत वळवली. तरी नाही. मग तिने आजीला हाक मारली.

हे व्यायामाने झालं, श्वासाची बाजू बदलल्याने, की ती थोडी मोठी झाली म्हणून, हे नक्की सांगता येणार नाही, असं तुम्हीच म्हणालात. मला त्याचा हिशेब नको आहे. त्या पहिल्या दिवशी परतीच्या एसटीत मी लेकीची माफी मागितली. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग विचारलंन, "म्हणजे मी आळशी नाय ना, बाबा?" तिला हे बापाला विचारता आलं आणि मला उत्तर देता आलं, ते तुमच्यामुळे. त्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

आईने तुमच्यासाठी कोकमाची सोलं काढून ठेवली आहेत. पुढच्या महिन्यात कुडाळला येऊ तेव्हा घेऊन येतो.

आपला,
पोहणाऱ्या मुलीचा बाप
मालवण