कपाटातून थेट विक्रीच्या टेबलावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचे कन्साइनमेंट सेल आता बऱ्याच पालकांच्या परिचयाचे झाले आहेत. वस्तू आपली, मांडणी आणि विक्री आयोजकांची. विकली गेली तर ठरलेला हिस्सा कापून पैसे आपल्या हाती, नाही गेली तर वस्तू घरी परत, असा हा सरळ व्यवहार. अशा सेलमध्ये आलेल्या वस्तू तपासून घेणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. टेबलावरून परत पाठवाव्या लागणाऱ्या वस्तूंत अगदी जुन्या वस्तू थोड्याच असतात. बहुतेक चांगल्याच असतात, पण घरून निघताना त्या कोणी उलटून पाहिलेल्या नसतात.

सुरुवात निवडीपासून. येणाऱ्या ऋतूचेच कपडे काढावेत. थंडी सरताना आणलेला स्वेटर कितीही नवा असो, तो रॅकवर लटकत राहतो. दुसरे, नवजात बाळाचे कपडे सगळ्यांकडेच ढिगाने असतात, कारण ते काही आठवड्यांत आखूड होतात. त्यांतले फक्त उत्तमातले उत्तम आणावेत. तीन-चार वर्षांपुढच्या मापांत चित्र नेमके उलटे. त्या वयात पँट गुडघ्यावर झिजून जाते, त्यामुळे धड राहिलेली पँट आली की लगेच उचलली जाते. ती मात्र साधी असली तरी वगळू नये.

आता डागांविषयी, कारण सर्वांत जास्त कपडे इथेच अडतात. कपडा खिडकीशी, दिवसाच्या उजेडात धरावा. घरातल्या पिवळसर दिव्यात पिवळट डाग दिसतच नाहीत. गळ्याची पट्टी, हनुवटीखालचा भाग, बाह्यांची टोके, गुडघे आणि बाळाच्या कपड्यांत मांडीपाशीच्या शिवणी, या जागा आधी पाहाव्यात. दुधाचा डाग फार फसवा असतो. धुऊन घडी घालताना झबले पांढरेशुभ्र दिसते, पण धाग्यात उरलेली प्रथिने आणि स्निग्धांश हवेशी संयोग पावून हळूहळू पिवळे पडतात. वर्षभराने तेच झबले उघडावे तर छातीवर नकाशा उमटलेला असतो. ‘आम्ही धुऊनच ठेवले होते’ हे म्हणणे अगदी खरे असते, तरी कपडा परत जातो तो यामुळे.

असा डाग बहुधा निघतो, पण क्रम चुकवायचा नाही. आधी थंड पाण्यात भिजवून हलके चोळावे. गरम पाण्याने सुरुवात केली तर प्रथिने शिजून धाग्याला घट्ट धरतात. मग प्रथिने तोडणारे एन्झाइम असलेल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात काही तास, जुना डाग असेल तर रात्रभर ठेवावे. त्यानंतरही पिवळटपणा उरला तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर, बऱ्याच गरम पाण्यात विरघळवून वापरावी. थंड पाण्यात ती जेमतेम काम करते. लोकर आणि रेशीम स्वतःच प्रथिनांचे बनलेले असल्याने एन्झाइम आणि ही पावडर दोन्ही त्यांच्यापासून दूर ठेवावीत. क्लोरीनचे ब्लीच इलॅस्टिक आणि स्पॅन्डेक्स कमकुवत करते. गंजाच्या डागावर तर ते घालूच नये, डाग आणखी पक्का होतो. आणि डाग पूर्ण गेल्याची उजेडात खात्री होईपर्यंत इस्त्री नको, ड्रायरही नको. उष्णता लागली की उरलेला डाग कायमचा बसतो.

डांबरगोळ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवे. साठवणीतले कपडे कसर लागू नये म्हणून अनेक जण डांबरगोळ्यांत ठेवतात. बहुतेक जुन्या पद्धतीच्या गोळ्यांत नॅफ्थलीन असते आणि त्याची वाफ कपड्यात मुरते. जी-सिक्स-पीडी या, रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला असे कपडे घातले तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला काही झाले नाही म्हणून दुसऱ्याच्या बाळाला होणार नाही असे नाही, आणि ही कमतरता आहे हे पुष्कळ पालकांना ठाऊकही नसते. म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्याला, दुपट्याला किंवा टोपऱ्याला डांबरगोळीचा किंचितही वास येत असेल तर आम्ही तो घेत नाही. नुसते उन्हात टाकून भागत नाही. धुवावे, मोकळ्या हवेत वाळवावे, आणि तरीही वास राहिला तर तो कपडा सेलला आणूच नये.

डाग-वास झाले की हातांनी तपासणी. टिचबटणे सगळी एकदा लावून आणि उघडून पाहावीत; एक सैल असले तरी खरेदीदार कपडा खाली ठेवतो. चेन तीन वेळा वर-खाली करावी. इलॅस्टिक कानाजवळ ताणून बघावे. कुरकुर आवाज आला किंवा ते परत आखडले नाही तर आतले रबर मेले आहे. नवे घालणे दहा मिनिटांचे काम, नाहीतर ती पँट बाजूला. बगलेतली आणि खिशाची उसवलेली शिवण आतून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रत्येक कपडा एकदा उलटा करावाच. लोकरीवर किंवा होजिअरीवर आलेले गोळे फॅब्रिक शेव्हरने काढता येतात, मात्र जिथे कापड विरळ झाले आहे तिथे शेव्हर भोक पाडतो. टोपीच्या किंवा गळ्याच्या नाड्या काढून टाकाव्यात. घसरगुंडीच्या फटीत किंवा वाहनाच्या दारात अशी नाडी अडकून मुले दगावलेली आहेत. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या जॅकेटच्या गळ्याला नाडी नसावी अशी मार्गदर्शक सूचना १९९६ सालीच काढली होती.

मापाची गोष्ट थोडक्यात: लेबलावर विसंबू नये. सुती कपडा धुऊन आखडतो आणि प्रत्येक कंपनीचे ‘दोन वर्षे’ वेगळे असते. छाती आणि उंची टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये टॅगवर लिहावी.

हँगर आणि टॅग हा भाग लोकांना किरकोळ वाटतो, पण विक्रीच्या दिवशी गोंधळ होतो तो इथेच. कपड्याची दर्शनी बाजू आपल्याकडे असताना हँगरचा आकडा प्रश्नचिन्हासारखा दिसला पाहिजे. सगळे हँगर एकाच दिशेचे असले तर रॅकवर कपडे पटापट सरकवून पाहता येतात. शर्ट-पँटचा जोड असेल तर पँट शर्टच्या मागे धरून तिची कंबर हँगरच्या खांद्यालाच सेफ्टी पिनने अडकवावी. खालच्या आडव्या दांडीला लावलेली पँट घसरत घसरत एका टोकाला गोळा होते. कपडा पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावू नये, दमटपणात पिन गंजते आणि गंजाचा ठिपका कापडावर उतरतो. पिन किंवा टॅगिंग गनची सुई आतल्या लेबलातून वा शिवणीतून घालावी. होजिअरीच्या मधोमध घातली की धागा तुटतो आणि धुतल्यावर भोक पडते.

टॅग जाड कागदाचा हवा, पातळ कागद पहिल्याच तासात फाटतो. बारकोडवर चकचकीत टेप चिकटवू नये, स्कॅनरचा प्रकाश परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही. वर्णन असे लिहावे की टॅग गळून पडला तरी कपडा सापडेल. ‘निळा शर्ट’ असे लिहिलेले डझनभर टॅग असतात. ‘निळा, पांढऱ्या उभ्या पट्ट्या, खिशावर हत्ती’ असे लिहिले तर आम्ही पाच मिनिटांत दोघांची गाठ घालून देतो.

बूट विकत घेणारा आधी तळ पाहतो. एका बाजूने झिजलेली टाच दुसऱ्या मुलाच्या पावलाला तिरके चालायला लावते, असे बूट आणू नयेत. न वापरलेले बूटही तपासावेत. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षे आतून विरत जातो. वरून ठणठणीत दिसतो आणि दाबला की भुगा पडतो. दोन्ही बूट एकमेकांना दोरीने किंवा प्लास्टिकच्या बंधाने जोडावेत, पिशवीत सुटे ठेवले की एक हमखास हरवतो.

खेळण्यांत पहिली तपासणी बॅटरीच्या कप्प्याची. पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा अल्कधर्मी बॅटरीतून गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून बनलेली असते. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे, मग ओलसर काडीने, आणि पूर्ण वाळवून नवी बॅटरी घालून चालवून पाहावे. न चालणारे खेळणे ‘बॅटरी घातली की चालेल’ म्हणून देऊ नये. बटणासारख्या चपट्या बॅटरीचे खेळणे असेल तर कप्प्याला स्क्रू असलाच पाहिजे आणि तो घट्ट हवा. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम करते. छोट्या जोरदार लोहचुंबकांचे संच तर अजिबात नकोत: दोन चुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पडते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुट्या भागांची एक ठरलेली कसोटी आहे. ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असे धरले जाते. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी चालते. ती थोडी मोठी असल्याने चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. मऊ खेळण्यांचे डोळे, नाक, बटणे जोरात ओढून पाहावीत. धुतलेल्या मऊ खेळण्याचा पोटातला कापूस वाळायला बाहेरच्या कापडापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तो ओला राहिला की कुबट वास येतो. अंघोळीची पाणी उडवणारी रबरी खेळणी बाहेरून लखलखीत असली तरी दाबल्यावर काळे कण बाहेर येतात. ती बुरशी असते. भोक बारीक असल्याने आत हात पोचत नाही, ती आम्ही कुणाचीच घेत नाही.

जिगसॉ पूर्ण जुळवूनच पिशवीत भरावा आणि वर लिहावे: ‘१०० पैकी १०० तुकडे, मोजले’. पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिकटपट्टी थेट लावू नये, काढताना चित्र सोलून येते. पुस्तकांचे एकच सांगणे: पाने शेवटपर्यंत उलटून पाहा, रेघोट्या नेहमी मधल्या पानांवर असतात.

बाबागाडी आणताना ब्रेक उतारावर लावून पाहावा, घडीचे कुलूप बसते का ते तपासावे आणि चाकाच्या आसाभोवतीचा गुंतवळ चिमट्याने काढावा. जड चालणाऱ्या गाडीचा दोष बऱ्याचदा एवढाच असतो. पट्टे मशीनमध्ये किंवा ब्लीचमध्ये घालू नयेत, त्यांची ताकद कमी होते. ओल्या कापडाने पुसावेत.

आणि काही वस्तू कितीही चकचकीत असल्या तरी विकायच्या नाहीत. गाडीतली बालआसने: अपघातात बसलेला धक्का वरून दिसत नाही, प्लास्टिकही कालांतराने ठिसूळ होते. बहुतेक आसनांवर निर्मितीची तारीख किंवा मुदत छापलेली असते आणि ती साधारण सहा ते दहा वर्षे भरते. हेल्मेटचे तेच, त्यातला फोम एकाच आघातासाठी असतो. बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांच्या विक्रीवर अमेरिकेत २८ जून २०११ पासून बंदी आहे आणि ती वापरलेल्या पाळण्यांनाही लागू आहे, कारण सैल झालेली बाजू आणि गादी यांच्यामधल्या फटीत बाळे अडकून गुदमरली. स्थिर बाजूच्या पाळण्यातही दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. चाकांचे वॉकर कॅनडाने २००४ मध्ये बंद केले, वापरलेल्यांच्या विक्रीसह. जिन्याच्या तोंडाशी बाळ वॉकरसकट क्षणात पोचते. वापरलेल्या चोखण्या, बाटल्यांची बुचे, पाळण्याच्या गाद्या आणि एकीच्याच वापरासाठी बनवलेले स्तनपंप याच यादीत येतात. मोठ्या वस्तूंच्या तळाशी मॉडेल क्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. ती घेऊन कंपनीने ती वस्तू परत मागवली आहे का, हे घरीच शोधून यावे.

किमतीबाबत फार लिहीत नाही. कपड्याला नव्या किमतीच्या पाव ते एक तृतीयांश, न वापरलेल्या किंवा मोठ्या वस्तूला अर्ध्यापर्यंत, एवढे धरले तर वस्तू निघतात. शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीत द्यायची तयारी असेल तर ते टॅगवर आधीच नोंदवावे, ऐन गर्दीत विचारायला कोणाला वेळ नसतो. सर्व वस्तूंची क्रमांकवार यादी करून तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि न विकलेल्या वस्तू नेण्याची वेळ यादीवरच ठळक लिहावी. ठरलेल्या वेळेनंतर उरलेल्या वस्तू बहुतेक ठिकाणी दान केल्या जातात.

आपले,
मुलांच्या वापरलेल्या वस्तूंच्या सेलमध्ये तपासणीचे काम करणारे काही पालक