माध्यमिक शाळा हा कुणाचा प्रांत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महापालिकांनी प्राथमिक शाळा नीट चालवाव्यात, माध्यमिक शिक्षण हा त्यांचा प्रांत नव्हे आणि करदात्यांचा पैसा त्यात घालू नये, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यात इंग्लंडच्या शिस्तीचा दाखलाही होता. गंमत अशी की, नेमका हाच वाद इंग्लंडमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता आणि पत्रलेखकांची बाजू तेव्हा जिंकलीही होती. पुढे काय झाले ते पत्रात आले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

1870 च्या कायद्याने तिथे लोकांनी निवडून दिलेली शाळा मंडळे आली. त्यांचे काम प्राथमिक शिक्षणाचे. पण मुले वरच्या इयत्तांपर्यंत टिकू लागली, तशी कारखान्यांच्या शहरांतील मंडळांनी विज्ञान आणि चित्रकला शिकवणारे पुढचे वर्ग काढले. शेफील्डची अशी शाळा 1880 मध्येच सुरू झाली. माध्यमिक म्हणायचे नाही, पण शिकवायचे जवळपास तेच. 1899 मध्ये कॉकर्टन नावाच्या सरकारी लेखापरीक्षकाने लंडनच्या मंडळाचा असा खर्च नामंजूर केला. प्राथमिकच्या पलीकडे स्थानिक कराचा पैसा वापरण्याचा अधिकारच मंडळाला नाही, ही त्याची हरकत 1901 मध्ये अपील न्यायालयानेही उचलून धरली. कायद्यावर बोट ठेवले तर कॉकर्टन चुकला नव्हता. मात्र वर्गात बसलेली मुले घरी धाडता येईनात, तेव्हा आधी तात्पुरती मुभा द्यावी लागली आणि 1902 मध्ये कायदाच बदलला. शाळा मंडळे सरकारला तशीही नकोशी झाली होती, ती बरखास्त झाली. पण कौंटी (म्हणजे तिथले जिल्हे) आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांना, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक संस्थांना, माध्यमिक शाळा काढण्याचा आणि पोसण्याचा अधिकार मिळाला. तिथली गावोगावची माध्यमिक शाळा फोफावली ती त्यानंतर.

1907 मध्ये सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी साधारण 25 टक्के जागा मोफत ठेवण्याची अट घातली गेली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के जागांच्या सोडतीसाठी धावपळ करणाऱ्या पालकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांतून माध्यमिक शिक्षणाची फी गेली ती मात्र 1944 च्या कायद्याने. त्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची ग्रामर (परीक्षेत वर आलेल्यांसाठी पुस्तकी शिक्षणाची), टेक्निकल (तंत्रशिक्षणाची) आणि मॉडर्न (उरलेल्यांसाठी सर्वसाधारण) अशा तीन प्रकारच्या शाळांत वाटणी करण्यात आली. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत आणि बहुसंख्य मुले मॉडर्न शाळेत गेली. ही वाटणी मोडण्यासाठी 1965 मध्ये सरकारने कौन्सिलांना सर्वांसाठी एकच शाळा काढण्याची विनंती करणारे परिपत्रक धाडले. हुकूम नव्हे, विनंती! त्यामुळेच केंटसारख्या भागात ग्रामर शाळा आजही आहेत. इंग्लंडभर त्या 163 उरल्या आहेत. परीक्षेने मुलांची वाटणी करण्याचा हा भाग आपण उचलण्यासारखा नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. महापालिका अधिनियमात प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य आहे, पुढचे शिक्षण ऐच्छिक. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी माध्यमिक शाळा काढल्या, हे कौतुकास्पद; पण ऐच्छिक गोष्टीचा जाब कोणाला विचारणार? मी ज्या शाळेत अनेक वर्षे शिकवले, ती सातवीला संपत असे. जूनमध्ये आमच्या मुलांच्या आया दाखला आणि गुणपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका अनुदानित शाळेच्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत फिरत. तिथली पाचवीपासूनची मुलेच वर सरकत असल्याने आठवीची तुकडी भरलेली असे. एका आईने चौथ्या नकारानंतर दाखला परत माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, ‘‘बाई, अजून एक वर्ष तुमच्याकडेच बसू द्या की.’’ मुलगी वर्गात तिसरी आली होती.

इंग्लंडने पुढे कौन्सिलांच्या हातून शाळा काढून घेतल्या, असा प्रतिवाद होईल आणि तो खरा आहे. 1988 च्या कायद्याने शाळांना कौन्सिलच्या अखत्यारीतून बाहेर पडण्याची वाट मिळाली, 2010 नंतर तर बहुतेक माध्यमिक शाळा अकादमी होऊन थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालू लागल्या. तरीही तिथे फी नाही आणि परिसरातील मुलांना पुरतील इतक्या जागा आहेत की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य आजही स्थानिक कौन्सिलवरच आहे. शाळा कोण चालवतो आणि जागांची जबाबदारी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडचा वाद पहिल्यावरच अडतो.

म्हणून मागणी साधी आहे. दरवर्षी एप्रिलअखेर प्रत्येक प्रभागात सातवी पूर्ण करणारी मुले किती आणि पालिकेच्या, अनुदानित व इतर शाळांत आठवीच्या मोकळ्या जागा किती, हे दोन आकडे महापालिकांनी जाहीर करावेत. जिथे जागा कमी पडतील तिथे जादा तुकडीचा प्रस्ताव मे महिन्यातच शासनाकडे जावा. तुकडी पालिकेची असो वा संस्थेची, आईला ते एकच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
वागळे इस्टेट, ठाणे