कागद एकीकडे, उपचार दुसरीकडे

महोदय,

ट्रान्सजेंडर हक्कांविषयीच्या आपल्या लेखात देशांची ‘पुढारलेले’ आणि ‘मागासलेले’ अशी वाटणी केली होती, ती मला पटली नाही. मी विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले. आमच्या टेबलावर माणूस यायचा तो ओळखपत्र आणि डॉक्टरांचे कागद या रूपात. दोन्हींचा मेळ बसला नाही की दावा अडकलाच. त्यामुळे सरकार ओळख मान्य करते का आणि उपचार मिळतात का, हे प्रश्न मी वेगवेगळेच वाचते.

थायलंड घ्या. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांसाठी तिथे जगभरातून लोक जातात. 2025 मध्ये तिथे समलिंगी विवाहही कायदेशीर झाले. पण तिथल्या ट्रान्स स्त्रीच्या (जन्मनोंद पुरुष, स्वतःची ओळख स्त्री) ओळखपत्रावरचा ‘पुरुष’ काही हलत नाही. इराणमध्ये तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांच्या फतव्यामुळे 1980 च्या दशकापासून शस्त्रक्रियेला मुभा आहे, सरकार खर्चाचा काही वाटाही उचलते, आणि त्यानंतर कागदपत्रे बदलतात. मात्र समलिंगी संबंधांना देहदंड असलेल्या देशात ही शस्त्रक्रिया कोण किती खुशीने करून घेत असेल?

आणि स्वीडन? सरकारी नोंदीतले लिंग बदलू देणारा कायदा 1972 मध्ये करणारा पहिला देश. पण नवी ओळख हवी तर नसबंदी करून घ्या, ही अट तिथे 2013 पर्यंत होती. पुढे 2018 मध्ये सरकारने बाधितांना प्रत्येकी 2,25,000 क्रोनर भरपाई देऊ केली. (नुकसानभरपाईचे आकडे तपासण्यात माझी उमर गेली, या नुकसानीचा आकडा मला तरी काढता आला नसता.) जपानमध्ये तशीच अट सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती ऑक्टोबर 2023 मध्ये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या ‘नालसा’ निकालाने शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. तरीही 2019 च्या ट्रान्सजेंडर हक्कांच्या कायद्यात ‘ट्रान्सजेंडर’ असा दाखला अर्जावर, पण ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र, असा फरक आलाच.

मला सर्वांत भावला तो अर्जेंटिनाचा 2012 चा कायदा. नोंद बदलायला ना डॉक्टरांचा दाखला, ना कोर्टाची पायरी. शिवाय त्याच्या 11 व्या कलमाने हार्मोन आणि शस्त्रक्रिया सक्तीच्या आरोग्य योजनेत घातल्या, म्हणजे खासगी विमा कंपन्यांनाही हात वर करता येत नाहीत. अर्थात कलमे बदलतातही. 2025 मध्ये तिथल्याच सरकारने वटहुकमाने 18 वर्षांखालील मुलांचे हे उपचार बंद केले.

ब्रिटनने 2021 मध्ये लिंगओळख प्रमाणपत्राची फी 140 पौंडांवरून 5 पौंडांवर आणली. छान झाले, पण अर्जाला वैद्यकीय अहवाल लागतातच, आणि सरकारी लिंगओळख दवाखान्यात पहिल्या भेटीसाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागते. आणखी एक गोष्ट माझ्यासारखीच्या चटकन नजरेत भरते. इंग्लंडमध्ये ट्रान्स पुरुषाने (जन्मनोंद स्त्री, ओळख पुरुष) दवाखान्यातली नोंद ‘पुरुष’ करून घेतली, की गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीचे आपोआप येणारे बोलावणे थांबते. अवयव शरीरात आहे, यादीत नाही! तपासणी हवी तर त्याने स्वतःहून मागायची.

पुढच्या वेळी आपण देशांचा तक्ता छापाल तेव्हा ओळख आणि उपचार यांचे रकाने वेगळे ठेवावेत. आणि जमल्यास तिसराही घालावा: बिल कोण भरते?

– एक निवृत्त विमा कर्मचारी