गोठ्याच्या दारात राहिलेली चप्पल

प्रिय ताई,

आठवड्यातून एकदा तरी तुमची-माझी गाठ पडते. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "अहो वहिनी, काय हे!" म्हणून पुढच्या घराकडे निघता. आज सगळ्यांदेखत, पूर्ण सांगते.

गावच्या आशा सेविका म्हणून कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला तुम्ही भर दुपारी आलात. माझी पाठ, हात तुम्ही पाहिले, यांची तुमच्याबरोबरच्या दादांनी. फिकट, बधिर चट्टा कुणालाच नव्हता. रजिस्टर मिटलं, उभ्याउभ्या पाणी प्यायलात. तेवढ्यात हे गोठ्यातून पाण्याची बादली ठेवून परत आले आणि बाजेवर टेकले. तुम्ही म्हणालात, "दादा, दुसरी चप्पल?"

यांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चप्पल गोठ्याच्या दारात पडलेली आणि तिथून इथवर हे खडीवरून तसेच आले होते.

आम्ही हसलो, तुम्ही हसला नाहीत. परत बसलात आणि विचारलंत, रात्री लघवीला किती वेळा उठता? तीन-चारदा. पाणी? उशाशी तांब्या पुरत नाही. मग तुमचं लक्ष यांच्या पट्ट्याकडे गेलं. मी खिळ्यानं त्याला दोन नवी भोकं पाडली होती. पोट उतरलं म्हणून मी खूश होते, ताई. चार महिन्यांत चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, त्याला मी वय म्हटलं. तळपायाला मुंग्या येतात म्हणून मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या आणल्या. तहान उन्हाची. प्रत्येकाला मी वेगळं कारण लावून ठेवलं होतं. एका घरात, एका ताटात जेवणारी मी, आणि ते सगळं एकत्र मांडलंत तुम्ही, दहा मिनिटांत.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या, चहासुद्धा नको," म्हणालात. हे गेले नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. तुम्ही तिसऱ्यांदा आलात तेव्हा यांना बरोबर घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात. तुम्हाला पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो. एका हट्टी माणसासाठी मारलेल्या तीन खेपांचं काय मिळालं असेल, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

उपाशीपोटीची साखर २३८ निघाली. १२६ आणि त्याच्या वर मधुमेह धरतात. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज सांगणारी एचबीए१सी चाचणी ११.२ आली, तिथे ६.५ पासूनच मधुमेह म्हणतात. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या जाड धाग्यासारख्या काडीनं तळव्याला टोचलं. कुठे टोचलं, यांना सांगता येईना. नसा चाचपून कुष्ठरोग नसल्याची खात्रीही त्यांनी केली. आणि मग टाचेजवळ बाभळीचा मोडका काटा सापडला. भोवती पू झालेला. किती दिवसांचा होता कोण जाणे, यांना दुखलाच नव्हता. तो पाहून माझे हातपाय गार पडले. दुखलंच नाही तर माणूस बघणार कशाला? रोज रात्री मी त्याच पायांना गरम पाण्याचा शेक देत होते, तेही आठवलं. पोळला असता तरी यांना कळलं नसतं.

जखम भरायला दीड महिना लागला. बोटं शाबूत आहेत, पाय शाबूत आहे. बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखर आटोक्यात राहिली तर तो वाढायचा थांबू शकेल.

तुम्ही दाखवलंत तसंच चाललंय. झोपण्याआधी हे आरशात तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांत मी बघते. मागे पट्टा असलेली चप्पल घेतली आहे, पायात घालण्याआधी आत हात फिरवतात. शेक बंद. आंघोळीच्या पाण्यात आधी माझा हात जातो. धाकट्या दिरांनाही पाठवलं होतं, त्यांची साखर वाढायला नुकती लागली आहे. त्यांना अजून काहीच जाणवत नव्हतं.

येत्या गुरुवारी पुन्हा रक्त द्यायचं आहे. या वेळी हे आपणहून निघणार आहेत, चहा न घेता. परत येताना तुमच्या दारात थांबतील. गवारीच्या शेंगा पाठवते आहे. "कशाला वहिनी" म्हणू नका, ठेवून घ्या.

तुमची,
वहिनी