टीका दाव्यावर हवी, घरादारावर नको

स. न. वि. वि.

इन्फ्लुएन्सरांच्या चुका दाखवणाऱ्या ऑनलाइन गटांना सरसकट 'ट्रोल' म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. पैसे घेऊन केलेली जाहिरात 'माझा अनुभव' म्हणून गळ्यात मारली जाते, तेव्हा ती अनेकदा हेच लोक उघडी पाडतात. पण आरोप पक्का हवा.

नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट' सोयीने पानावरचा मजकूर मिनिटभरात बदलता येतो. त्यापेक्षा प्रोफाइल उघडल्यापासून सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत दिसेनाशी होते, म्हणून ते लगेच करावे. पोस्ट असेल तर लिंक आणि तारीखही नोंदवावी. वस्तूची लिंक दिली असल्यास ती उघडून ब्राउझरमधल्या वेब-पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग वाचावा. तिथे 'रेफ' (ref) किंवा 'टॅग' (tag) पुढे एखादा कोड असेल तर विक्रीमागे कमिशन मिळत असण्याची शक्यता असते. मात्र 'यूटीएम'ने (utm) सुरू होणारे शब्द पाहणारा कुठून आला एवढेच सांगतात. त्यावरून कमिशनचा आरोप करणे चूक, आणि ही चूक सर्रास होते.

खरा बिघाड पुढे होतो. पुरावे संपतात, पण गटाला रोज नवा विषय लागतो. मग वजन, संसार, मुले चर्चेत येतात. मोठे समाजमाध्यम मंच फोटो चढवताना त्यातली ठिकाणाची छुपी नोंद सहसा काढून टाकतात. पण खिडकीबाहेरची इमारत आणि मुलाच्या गणवेशावरचे बोधचिन्ह तसेच राहते. चार फोटो जुळवले की घर सापडते. हे मला अक्षम्य वाटते, समोरची व्यक्ती कितीही खोटारडी असो.

म्हणून गट सांभाळणाऱ्या मॉडरेटरांनी दाव्याशी संबंध नसलेली पोस्ट काढावी, मुलांचे फोटो धूसर करूनही ठेवू नयेत, आणि सदस्यांना त्या व्यक्तीच्या पानावर झुंडीने जाऊ देऊ नये. तिथली प्रत्येक संतप्त कमेंटही प्रतिसादातच मोजली जाते आणि पोस्ट आणखी लोकांपुढे जाऊ शकते. तक्रार मंचाकडे, कंपनीकडे किंवा जाहिरात नियामकाकडे करावी. जाहिरात असल्याचे वारंवार लपवणाऱ्यांची नावे ब्रिटनच्या नियामकाने 2021पासून स्वतःच्या संकेतस्थळावर द्यायला सुरुवात केली.

आरोप चुकीचा निघाला तर पोस्ट गुपचूप उडवू नये. तिच्या प्रती तोवर फिरत असतात. त्याच पोस्टच्या वर दुरुस्ती लिहून ती पिन करावी, म्हणजे गटात सर्वांत वर दिसेल अशी ठेवावी.

– एक वाचक