सरावासाठी तासावर खोली मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 30 वर्षं फिटर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर जाझ ड्रम शिकायला लागलो. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटच्या बैठकीत वाद्यं वाजवायला मनाई करणारा ठराव झाला. सुरुवात माझ्याच चुकीनं झाली, म्हणून आधी ती सांगतो.

मुलानं इलेक्ट्रॉनिक सेट आणून दिला. ड्रमला जाळीची पानं, कानाला हेडफोन. घरात नुसती टपटप. आवाजाचा प्रश्न मिटला असं समजून रोज संध्याकाळी 7 ते 8 बसायचो. चौथ्या दिवशी खालच्या आजी वर आल्या. "साकु री" (पुरे हो), एवढंच कन्नडमध्ये म्हणाल्या आणि मला खाली घेऊन गेल्या. वर मुलाला पायाच्या ड्रमचं पेडल मारायला सांगितलं. खाली टपटप नव्हतीच. नुसतं धप्, धप्, आणि देवासमोरच्या तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र दर ठोक्याला किणकिणत होतं.

लाज वाटली. जन्मभर मशीनखाली रबरी पॅड घातले आणि हादरा स्लॅबमधून उतरतो हे घरी विसरलो! भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटवून याला काही होत नाही. प्लायवूडच्या दोन फळ्या घेतल्या, बॉल बसतील एवढी भोकं पाडली, मध्ये जुने टेनिस बॉल घातले आणि वर सेट ठेवला. आजींनी फुलपात्र तसंच ठेवून तपासलं. गप्प होतं.

तरी पुढचं शिकायचं तर अडतंच. जाझमध्ये लय धरते ती राइड नावाची मोठी झांज. पूर्वी ही लय पायाच्या ड्रमवर असायची, 1940च्या सुमारास केनी क्लार्क या अमेरिकन ड्रमरनं ती झांजेवर नेली. पायाचा ड्रम इतका हलका वाजवायचा की ऐकू येण्याआधी जाणवावा. तो हलकेपणा रबरी झांजेवर आणि जाळीवर हाताला येत नाही. काठीऐवजी तारांचा ब्रश फिरवायला तर खरखरीत पानच लागतं. खरा सेट मात्र 100 डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 10 नंतर 45. म्हणजे ठराव करणाऱ्यांना दोष देता येत नाही.

मुलगा म्हणतो, गणपतीतल्या ढोलांचं लिहा. नाही लिहिणार. मिरवणूक एका रात्रीत पुढं जाते. मी त्याच चार मात्रा रोज घोटतो. शेजाऱ्याला जास्त जाच कशाचा, हे मला कळतं.

ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचा जन्म 1925 साली आपल्या बेळगावातला. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू जगभर जाझ वाजवतात. त्याच गावात बंद दाराची एक खोली मी चार महिने शोधतोय, मिळालेली नाही. शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलपातच असतात. वस्तीपासून जरा बाजूच्या एखाद्या शाळेनं एक वर्ग तासाच्या भाड्यानं द्यावा, एवढीच विनंती. सतरंजी माझी, सेट माझा, जाताना झाडूनही जाईन. परीक्षेच्या दिवसांत फिरकणार नाही.

आजींनी ठरावावर सही केलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

– एक निवृत्त फिटर, टिळकवाडी, बेळगाव